रकाना सहावा

तहसील कचेरीच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, तिच्यावर फणसाचा चीक वाळलेला.
टंकयंत्रातला 'र' जरा वर उडतो,
म्हणून माझ्या प्रत्येक अर्जात
'कामगार' शेवटच्या अक्षरावर ठेचकाळतो.
सावंतवाडीत हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

सगुणा वरक धनगरवाडीवरून पहिल्या एस्टीने आली.
पिशवीत नवलूचा मयत दाखला,
बांबोळीच्या इस्पितळाचे कागद,
आणि पुण्याहून आलेला रक्ताचा अहवाल.
माणूस गेल्यावर नवव्या दिवशी तो सांगतो:
माकडताप. होय.

मी रकाने भरत गेलो.
अर्जदार. मयताशी नाते. मालकाचे नाव.
कामाचे स्वरूप: पडलेले काजू वेचणे,
बोंडाची बी मुरडून काढणे.
मजुरी: साडेतीनशे, चहा एकदा.
सहाव्याशी थांबलो.
अपघाताची तारीख व वेळ.

"गोचीड कधी चावली?"
ती माझ्याकडे बघत राहिली,
वारा कुठल्या पायवाटेने आला
असं काहीतरी मी विचारल्यासारखी.
"सांगान चावता काय ती?"

नाचण्याच्या दाण्याहून बारीक,
पाचोळ्यात बसलेली असते.
मजूर पाचोळ्यात वाकतो, तेच त्याचं काम.
वाकला नाही तर मुकादम हाक मारतो.

"पयली माकडां मेली," ती म्हणाली,
"एक आंब्याखाली, दोन व्हाळात."
आरोग्य खात्याची माणसं आली,
अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या देऊन गेली.
खोकं शेडमध्येच राहिलं, चिकटपट्टीसकट.
तेलाच्या हातांचा वास बियांना लागतो म्हणे,
भाव पडतो.

मग ताप. मग नाकातून रक्त.
बांबोळीच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत,
नवलू एकच विचारत होता:
आजची माझी पाटी मोजली काय?

मालकाच्या वकिलाचं उत्तर पिशवीच्या तळाशी निघालं.
सदर इसम रविवारी लाकडे तोडण्यास रानात गेला होता.
गोचीड रानातील आहे.
बागेचे कुंपण पक्के आहे.
संगणकावर छापलेलं, देखणं,
एकही 'र' जागचा हललेला नाही.

"गेलेलो," सगुणा म्हणाली.
"लाकडां मालकाच्या बंबाक व्हयी होती."
रविवार मस्टरवर नसतो.
"साक्षीदार कोण?"
"बंब," ती म्हणाली, आणि हसली नाही.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डबा उघडला तरी
माझा सहावा रकाना कोराच.
शेवटी टंकलं:
तारीख, सोळा फेब्रुवारी ते तेवीस मार्च.
वेळ, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा,
आणि रविवार.

साहेब म्हणतील, हा अपघात नव्हे, हा हंगाम झाला.
म्हणू देत.

सुनावणी रत्नागिरीला लागेल, मी सांगितलं,
एक-दोनदा जावं लागेल, कधी जमेल?
"बी संपल्यार.
औंदा मीच जातंय ना, तेच्या जागेर."
तिच्या पोटऱ्यांना नवलूच्या जुन्या पँटीच्या बाह्या बांधलेल्या,
वर सुंभ आवळलेला.
त्या मला तेव्हा दिसल्या.

पैसे नको म्हणालो.
तिने पन्नासाची नोट टंकयंत्राखाली सारली.
"घेवा. आनी पावती दिया.
फुकट केलेला काम खयच लिवलेला नसता."

पावतीबुक शोधायला वेळ लागला,
किती वर्षांत कुणी मागितलं नव्हतं.
तारीख घातली. मग, रकाना नव्हता तरी,
वेळही घातली:
दुपारी एक वाजून दहा मिनिटे.